इथंच थांबा, मी आलोच

यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखवा, मग मी मानेन तुम्हाला. जन्मभर थापा मारल्यात मी. लग्न झाल्या झाल्या तुमच्या आजोबांना सांगितलं होतं की मला झोपेत चालायची सवय आहे. बिचारा माणूस कितीतरी दिवस दाराला कुलूप लावून किल्ली उशीखाली घेऊन झोपायचा. तेव्हा ही पण थापच समजा. तसं समजलात तर निदान झोप तरी लागेल.

बसा नीट. आणि हे बघून ठेवा, दारात मी बसलेय, पाय लांब करून. कुणाला शू लागू दे नाहीतर आई आठवू दे, माझे पाय ओलांडून जायचं नाही. ढब्बू, तू आत्ताच जाऊन आलास ना? मग चुळबुळ कसली? आणि वकीलबाई, तुम्ही मध्ये मध्ये उलटतपासणी घेणार नसाल तर पुढे सांगते. काय? दारामागे धूळ सांडलीय? सांडू दे. सकाळी झाडू. आधी ऐक.

तर तुमचे छत्रीआजोबा. माझा धाकटा दीर. मी या घरात आले तेव्हा तो दप्तर पाठीला लावून शाळेत जायचा, त्याचं नाक मी पुसलंय. आता खालच्या खोलीत दार सताड उघडं टाकून झोपतो, थंडीत कुडकुडेल पण दार लावणार नाही. आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीय का? त्याने तुम्हाला कधी 'थांब, आलोच' असं म्हटलंय? आठवून बघा. दुकानात जाताना, फोन घ्यायला उठताना, कधी? ढब्बूला बागेत घेऊन जातो, झोपाळ्यावर बसवतो आणि स्वतःला लागली तर ढब्बूला उतरवून सोबत नेतो. 'थांब इथं' म्हणत नाही. लोकांना वाटतं म्हातारा चक्रम आहे. चक्रम तो आहेच, पण उगाच नाही.

तेव्हा तो सहलींचा पुढारी होता. लोकांना घेऊन आशियातली जुनी जुनी शहरं दाखवायची, हे त्याचं पोट. कुठे राजाचा महाल, कुठे राणीचं थडगं, कुठे आकाशाला टेकलेला मनोरा. हातात उंच धरलेली पोपटी छत्री. गर्दीत माणूस हरवतो, छत्री हरवत नाही. सगळ्यांनी तोंडाकडे बघायचं नाही, छत्रीकडे बघायचं. आणि दुसरा नियम, हरवलात तर जागचं हलायचं नाही, मी न्यायला येतो. दिवसातून शंभर वेळा तेच वाक्य. "इथंच थांबा, मी आलोच." कुणाचं पाकीट राहिलं, इथंच थांबा मी आलोच. कुणाला चक्कर आली, इथंच थांबा मी आलोच. झोपेत पण बडबडायचा.

एकदा एक जागा रिकामी राहिली. ऐन वेळी कुणाचा तरी पाय मोडला. दीर म्हणाला, "वहिनी, चला. फुकट आहे." तुमच्या आजोबांनी मला आयुष्यात बसस्टँडच्या पलीकडे नेलं नव्हतं. मी म्हटलं, फुकट असेल तर मसणात पण येते. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "शेंडेफळ आहे माझं. त्याला घेऊनच ये." मी सासूबाईंचा आवाज काढून त्यांनाच उत्तर दिलं, "घेऊनच येते हो." असा हुबेहूब काढायचे की दूधवाला फसायचा. त्या चपला घेऊन मागे लागल्या. हे आवाजाचं लक्षात ठेवा.

शहरांची नावं विचारू नका. तेव्हाही मला येत नव्हती. तोंडात खडे धरून बोलल्यासारखी नावं सगळी. एवढं कळलं की पूर्वीच्या राजांना जिने बांधायचा भारी सोस. एकेक राजा मेला आणि आमच्या गुडघ्यांचं वाटोळं करून गेला. आमच्यात एक मास्तरीणबाई होत्या, निवृत्त. प्रत्येक महालात शिरल्या की पहिला प्रश्न, "इथे बाथरूम कुठे आहे?" आणि एक नवं जोडपं होतं, ते मुद्दामच हरवायचं.

असाच एक महाल. खोलीतून खोली, खोलीतून खोली, सगळ्या सारख्याच. बंद व्हायची वेळ झाली, पहारेकरी शिट्ट्या मारायला लागले. दीर शेवटची फेरी मारायला आत गेला, मागे कुणी राहिलंय का बघायला. ती त्याची पद्धतच. तर आतल्या एका कमानीखाली, पायरीवर, एक म्हातारी बाई बसलेली. राखाडी शाल, डोक्यावरून घेतलेली. मांडीवर पर्स, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. पाठमोरी. आता म्हाताऱ्या बाया शाल घेऊन बसल्या की मागून सगळ्या सारख्याच. त्याला वाटलं, आपलीच कुणीतरी. पण ते जोडपं अजून सापडायचं होतं. म्हणून हा जाता जाता म्हणाला, सवयीने...

"इथंच थांबा, मी आलोच."

ती म्हणाली, "नक्की?"

"नक्की," म्हणाला आणि पळाला.

जोडपं बाहेर आइसक्रीम खात होतं. दीर बसमध्ये चढला, तर सगळे जागेवर. एकही सीट रिकामी नाही. तोपर्यंत फाटकाला साखळी पडलेली. तो म्हणाला, असेल दुसऱ्या कुणाच्या सहलीतली, तिचे लोक नेतील. बस सुटली. मला सांगितलं त्याने, हसत हसत. मी सहज विचारलं, "नक्की म्हणाली ती? कुठल्या भाषेत?"

त्याचं हसू तिथेच थांबलं. त्या मुलुखात 'पाणी' म्हणून ओरडलं तर लोक टोपी आणून द्यायचे. आणि ती... आपल्या भाषेत बोलली होती.

वकीलबाई, गप्प. असू शकते दुसऱ्या सहलीतली, आपल्याच बाजूची. मीही हेच म्हटलं त्याला.

पुढचं शहर. मोठा मनोरा होता. मी खालीच बसले, माझे गुडघे संपावर. दीर लोकांना घेऊन वर गेला आणि वरून खाली वाकून बघितलं, तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर राखाडी शाल. खाली आला तेव्हा पायरी रिकामी. मी दोन हातांवर बसले होते, मला काही दिसलं नाही. त्याच्या पुढच्या शहरात एका थडग्याच्या ओट्यावर. त्याच्याही पुढे, नदीच्या घाटावर. जवळ जायचा नाही तो. जवळ गेलं की नसायचीच. लांबून मात्र असायची. बसलेली. वाट बघत. आणि दर वेळी, तो सांगायचा, थोडी जास्त वळलेली असायची. पहिल्यांदा पाठ. मग खांदा. मग गाल.

पोरगा वाळायला लागला. जेवेना. मी म्हटलं, "अरे, एकदा समोर जाऊन माफी माग ना." तो म्हणाला, "वहिनी, तिने 'आता ने' म्हटलं तर कुठे नेऊ?"

मी त्याच्यापुढे ताट सरकवलं.

शेवटचं गाव. परतायच्या आधीची रात्र, गुरुवार, आणि चंद्र उगवायचाच होता. चारी बाजूंनी जुना तट, आत गल्ल्या. गल्ल्या कसल्या, भिंतींनी श्वास आत घेतला तर माणूस चेंगरेल इतक्या अरुंद. आमचं हॉटेल तटाच्या आतच. पहाटे विमान. आणि मास्तरीणबाई तोंडावर हात धरून आल्या. कवळी राहिली! दुपारी चौकातल्या चहाच्या दुकानात बसलो होतो, तिथे काढून रुमालात गुंडाळून ठेवली आणि विसरल्या. आता बाई दातांशिवाय लेकाच्या घरी कशा जाणार? नवी सून बघणार ना! रडायलाच लागल्या.

दिराने छत्री उचलली. सवय. मी म्हटलं, "मीही येते." तो म्हणाला, "कशाला गुडघे झिजवता? समोरच तर आहे." आणि दारातून वळून म्हणाला, "थांबा इथंच, मी आलोच."

म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कळलं. बघत राहिला माझ्याकडे. मग गेला.

आता पुढचं त्याने मला नंतर सांगितलं, तसंच सांगते. एका शब्दाची भर नाही. बरं, एखाद्या शब्दाची.

गल्लीतून सरळ गेला. चौक आला. दुकान बंद. पण खिडकीच्या कठड्यावर रुमाल, रुमालात कवळी. घेतली, खिशात टाकली. परत फिरला.

गल्ली उजवीकडे वळली. येताना वळली नव्हती. पुढे भिंत. मागे आला. दुसऱ्या गल्लीत शिरला. ती फिरून फिरून निघाली ती चौकातच. तिसरीत शिरला. चौकातच. दारं सगळी बंद. खिडक्या बंद. एक ठोठावलं, दोन ठोठावली. आत माणसं होती. दाराखालून उजेड दिसत होता, भांड्यांचा आवाज येत होता. त्याच्या हाताचा आवाज मात्र दाराला होत नव्हता. मूठ आपटतोय, आणि... काही नाही. जशी कापसावर.

पळाला. चौकात आला.

चालला. चौकात आला.

त्या चौकात एक पडकी इमारत होती. इमारत कसली, सगळी कोसळलेली, फक्त पायऱ्या उरलेल्या. कुठेच न जाणाऱ्या. दुपारी मी त्यांवरच बसून चहा प्यायले होते.

त्यांवर ती बसली होती.

आता पूर्ण वळलेली.

"आलास?"

"...हो."

"उशीर केलास."

उभा राहिला.

"बस."

बसला. बसायचं नव्हतं. पाय बसले.

"त्यानेही असंच म्हटलं होतं," ती म्हणाली. "थांब, आलोच."

"कुणी?"

"छत्री होती त्याच्या हातात. लाल." तिने पर्स घट्ट धरली. "मी जागची हलले नाही हो. सांगितलं होतं ना, हलायचं नाही."

आणि ती उठली. गुडघे वाजले तिचे, कडकड. माझे वाजतात ना, तसेच. त्याच्या हातातून छत्री काढून घेतली, अगदी सावकाश, एकेक बोट सोडवत. उघडली. म्हणाली,

"आता तू थांब. मी आलेच."

गेली.

पोरांनो, मला सांगा, अडकणं म्हणजे काय? दार बंद असलं तर लाथ मारता येते. दोरी असली तर तोडता येते. त्याला कुणी बांधलं नव्हतं. समोरची गल्ली मोकळी होती. हॉटेलचा दिवा दिसत होता, तो म्हणाला, तिथून दिसत होता! फक्त उठता येत नव्हतं. कारण ती 'थांब' म्हणून गेली होती. कुणी थांब म्हणून गेलं की मध्येच उठून कसं जायचं? एवढंच. एवढंच होतं ते... आणि तेवढं पुरलं.

इकडे मी हॉटेलच्या ओसरीवर. वाट बघतेय. मास्तरीणबाई शेजारी, तोंडावर रुमाल. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "फुंगा ना ओ कुनाफा थफाफ करा." म्हणजे सांगा ना हो कुणाला तपास करायला. हसू नका रे. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

नियम काय? जागचं हलायचं नाही. पण मी आयुष्यात कधी कुणाचं ऐकलंय? शाल घेतली, पर्स घेतली आणि निघाले.

मला गल्ली सरळच लागली. वळण नाही, काही नाही. अर्ध्यात आले तर समोरून कुणीतरी येतंय. अरुंद गल्ली, मी भिंतीला चिकटले. छत्री होती. उघडी. पाऊस नाही, पाण्याचा थेंब नाही, आणि छत्री उघडी. खांद्याला घासून गेली. बंद कपाट उघडलं की येतो ना, तसा वास. मी मूर्ख, मला तोंड आवरतंय का? म्हटलं, "अहो, आमचा पोरगा बघितलात?"

थांबली. छत्री तशीच. चेहरा दिसला नाही. एक हात बाहेर आला आणि मागे दाखवलं. चौकाकडे.

गेली.

मग माझ्या लक्षात आलं. छत्री पोपटी होती.

चौकात पोचले. तो पायरीवर बसलेला. मांडीवर हात, एकावर एक. आणि त्याच्या खांद्यांवर, केसांवर, पापण्यांवर... धूळ. बारीक, राखाडी. अशी धूळ घटकाभरात बसत नाही. माळ्यावरच्या पेटीवर बसते, वर्षानुवर्षं कुणी उघडली नाही की.

"ऊठ रे."

"वहिनी, तुम्ही जा. ती येतेय."

"कोण ती?"

"आलेच म्हणालीय."

ओढला. हलेना. कंबरेएवढा पोरगा असताना मी याला काखोटीला मारून फिरवलाय. आता दगड. थोबाडीत दिली. शिव्या दिल्या, तुम्हाला ऐकवता येणार नाहीत अशा. नुसता बघत होता, माझ्या पाठीमागे, गल्लीकडे. त्या पापण्यांवरची धूळ... वाढत होती. माझ्या डोळ्यांदेखत. वरून काही पडत नव्हतं, तरी वाढत होती.

सासूबाई आठवल्या. घेऊनच ये.

मी तिथे रडले नाही. रडायला मला जमत नाही. मला एकच गोष्ट जमते.

मागे फिरले. गल्लीच्या कोपऱ्याआड गेले. शाल डोक्यावरून पुढे ओढली, पार नाकापर्यंत. कंबरेत वाकले. पर्स दोन्ही हातांत धरली. तिचा आवाज मी ऐकला नव्हता. पण मी म्हटलं, इतकी वर्षं वाट बघणाऱ्या बाईचा आवाज कसा असेल? थकलेला. पण चिडलेला नाही. चिडायच्या पलीकडे गेलेला.

आले. पायरीपाशी थांबले. गुडघे वाजवायला लागले नाहीत, ते आपोआप वाजले.

"आले रे बाबा," मी म्हटलं. "झालं तुझं. ऊठ."

त्याने एवढा मोठा श्वास सोडला... आणि उठला. साधा, जेवणावरून उठतो तसा. धूळ खाली पडली.

हात धरला आणि धावले. माझे गुडघे धावले, बघा! मागे बघितलं नाही. हॉटेलात कवळी मास्तरीणबाईंच्या हातात ठेवली, त्यांनी ती धुतलीसुद्धा नाही, तशीच बसवली. पहाटे विमानात बसलो. दिराने घरी येऊन राजीनामा लिहिला. आणि परत कधी कुणाला थांब म्हटलं नाही.

संपली गोष्ट.

नाही संपली? का, वकीलबाई? काय म्हणालीस, जरा मोठ्याने... हं. हुशार आहेस. बापावर गेली नाहीस.

हो. खरी बाई परत आली असेलच. आलेच म्हणाली होती ना. ती शब्दाची पक्की, नाहीतर इतकी वर्षं बसली असती का? आली असेल, आणि पायरी रिकामी. पायरीवर धूळ सांडलेली आणि माणूस नाही. मग ती काय करेल? शोधेल. कुणाला? दिराला? त्याला तर सोडवलं. त्याला सांगितलं गेलं, 'झालं तुझं'. तिच्या आवाजात सांगितलं गेलं. कुणी सांगितलं?

...

हे मला आज दुपारपर्यंत सुचलं नव्हतं बघ. कित्येक वर्षं झाली, तुझ्या बापाला तेव्हा मिसरूड फुटत होतं. मजेत गोष्ट सांगत आले मी. दर वेळी हसले.

आज दुपारी सगळे बाहेर होतात. मी जरा पडले होते. छत्रीआजोबा खालून ओरडले, "वहिनी, कोण आलं होतं?" मी म्हटलं, कुणी नाही. ते म्हणाले, "जिन्यावर गुडघे वाजले कुणाचे तरी. मला वाटलं तुम्ही." मी तर पलंगावर होते.

उठून बघितलं. दाराला आतून कडी तशीच. आणि दारामागे, वरच्या खुंटीवर...

ढब्बू, मान वळवू नकोस. माझ्याकडे बघ.

मीच टांगली म्हणतेस? मी? त्या खुंटीला माझा हात पुरतो का? स्टुलावर चढून? माझ्या गुडघ्यांना विचार. बरं, तसं समज. तुझी आजी थापाडी आहे, बाजारातून एक जुनी पोपटी छत्री आणली आणि तिच्यावर धूळ चाळली. समज तसं. मी पहिल्यालाच काय म्हटलं होतं? विश्वास ठेवून दाखवा.

पण बंद आहे हो ती. घडी घातलीय नीट, पट्टा लावलाय. पोचलेल्या माणसाने ठेवावी तशी.

चला. हे बघा, पाय काढले. वाट मोकळी. उठा सगळे, एकमेकांचा हात धरा आणि सरळ आईकडे. दारातून जाताना मागे बघायचं नाही.

काय गं? मी येतेय ना झोपायला? हो, तुम्ही व्हा पुढे, मी आ...

नाही. काही नाही म्हणत मी. तोंड बघत काय उभी राहिलीस?

जा आता.